मधली रेघ

१२ मे २००७, कुरुंदा

आज मी खोटं बोलले. तेही अक्कांशी, माझ्या थोरल्या जाऊबाईंशी.

सकाळी हिंगोलीला आम्हा भूगोलाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. सरांनी पुढच्या काळातल्या तापमानाचा आलेख लावला. त्यात तीन रेघा. मी विचारलं, "धूर कमी करायचं सगळ्या देशांनी आज ठरवलंय तेवढं सगळं पाळलं तर?" त्यांनी मधल्या रेघेवर बोट ठेवलं. तीही वरच जात होती. मला वाटायचं, दिलेला शब्द पाळत नाहीत एवढीच अडचण आहे. पण शब्दच तोकडा आहे! हे आधी कुणी सांगितलं नाही, की मीच ऐकलं नाही?

घरी आले तर अक्का ओसरीत हळदीचं बेणं निवडत होत्या. त्यांची लेक संगीता पुण्यात, सातवा महिना चालू. नोकरी सोडून नवरा-बायको इथं शेती करायला यायचं म्हणताहेत.

"काय म्हणले सर? लेकराच्या टायमाला ऊन आनखी वाढंल का?"

ती मधली रेघ डोळ्यांपुढून हलेना. तरी म्हणाले, "न्हाई अक्का, सगळी सरकारं करून राहिलीत काहीतरी. व्हईल कमी."

काहून बोलले असं? त्यांचा चेहरा बघवेना म्हणून? की मलाच ते ऐकायचं होतं?

अक्कांनी लगेच संगीताला फोन लावला. "तुझी काकू शिकून आली हिंगोलीहून. ऊन कमी व्हतंय म्हणती. या तुमी बिनघोर." मग फोन माझ्यापुढं धरला. "घे, तूच सांग तिला."

मी घेतला. म्हणाले, "व्हय गं, या."