आप्पांच्या दातांची चाकं

१० सप्टेंबर २०१४, बुधवार
आणली! सायकलला कार्बनची चाकं. जोडीचं वजन चौदाशे ग्रॅम. आमचा कुकर यापेक्षा जड आहे. दुकानदार म्हणाला, सर, लोखंडापेक्षा मजबूत, लाइफटाइम टिकणार.

शेवंती दारातच म्हणाली, अहो, पितृपक्षात कोणी नवी वस्तू घरात आणतं का? बायकोला स्पष्ट सांगितलं, मी अंधश्रद्धा मानत नाही. शिवाय पितृपक्षात डिस्काउंट असतो.

(फक्त स्वतःसाठी: पैसे वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, कवळीचे आहेत. गिरणीकडे थकलेले, संपानंतर बत्तीस वर्षांनी जुलैत आले. आप्पांनी पाकीट न उघडता माझ्या हातात दिलं, म्हणाले, दातांचं तेवढं बघ. बघणारच आहे. ५ ऑक्टोबरला वरळी सी-फेसला सायकल स्पर्धा आहे, पंचेचाळीस-प्लस गट. पहिल्या बक्षिसात कवळी येते. म्हणजे पैसे गेलेले नाहीत, जरा फिरायला गेलेत.)

११ सप्टेंबर
आप्पांना सांगितलं, डेंटिस्ट फॉरेनला गेलाय, ऑक्टोबरात येईल. ते चाकावर बोटाने टकटक करून बघत होते. गिरणीत साचेखात्यात जॉबर होते, मागांवर देखरेख करायचे; सवय जात नाही. विचारलं, प्लास्टिक काय रे? डोकंच फिरलं. म्हटलं, आप्पा, कार्बन! लोखंडापेक्षा मजबूत! विमानं करतात याची! आप्पांनी मान डोलावली. एकदाचं पटलं.

१४ सप्टेंबर, रविवार
प्रॅक्टिस. सी-फेसला जगन भेटला. वरळी कोळीवाड्यातला, माझ्या वर्गात होता, आता बिल्डिंगींत मासे पोचवतो. सायकल लोखंडी, मागे बर्फासकट पापलेटचा डबा. चल म्हटलं, शर्यत लावतोस का? तो पुढे गेला. वारा समोरून होता म्हणून. जगनलाही समोरूनच होता, पण त्याला सवय आहे.

नव्या चाकांनी सहाशे ग्रॅम वाचले हे सांगितलं, तर म्हणतो, त्यापेक्षा वडापाव कमी कर ना रे. जळतो, दुसरं काय!

१७ सप्टेंबर
हिंदमाताला खड्डा. फक्त एक. तेव्हापासून चाकातून टिक टिक. दुकानदाराला फोन केला. म्हणे, सर, ही स्मूथ रोडसाठी आहेत. अरे, मग मुंबईत विकतोस कशाला? शेवंती मध्येच म्हणाली, हिंदमाताला घेतलेली माझी साडी आठ वर्षं टिकली. काय संबंध?

निश्चय: यापुढे खड्डा दिसला की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची. हलक्या चाकांचा हाच तर फायदा.

१८ सप्टेंबर
लालबाग ते परळ. बहुतेक खांद्यावरून.

२० सप्टेंबर
जेवायला काळ्या वाटाण्यांचं सांबारं. आप्पांनी वाटाणे एकेक करून माझ्या ताटात काढले आणि नुसता रस प्यायले. वाईट वाटलं. मग विचार केला, पातळ अन्न या वयात पचनाला बरंच. वाटाणे मी संपवले. मला प्रोटीनची गरज आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
पुन्हा जगन. पुन्हा वारा. त्याने तर मध्ये थांबून एका बाईला सुरमईचा भावही सांगितला. ब्रेक लावला की आता रबर जळल्याचा वास येतो. टिक टिक वाढलीय. एवढी महाग वस्तू आणि आवाज भंगारवाल्याच्या गाडीचा! शेवंती नुसती 'पितृपक्ष' चेहरा करून बसली.

मी अंधश्रद्धा मानत नाही. पण शुक्रवारी दसरा आहेच. एक साधी पूजा केल्याने सायन्सचं काही बिघडत नाही.

३ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९
पूजा आप्पा करतायत. गिरणीत दर दसऱ्याला मागांची पूजा तेच करायचे. धुतलेला सदरा, टोपी. सायकल चाळीच्या गॅलरीत. स्पोकमधून झेंडू, रिमला हळद-कुंकू. किती वर्षांनी एवढे खूश दिसले! दोन्ही हातांत नारळ धरून गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या चाकाची टिक टिक बंद कर आणि माझ्या झिलाचो पयलो नंबर येवं दे रे म्हाराजा! अख्खी गॅलरी ओरडली, व्हय म्हाराजा! मी सगळ्यांत जोरात.

९.१०
गिरणीत नारळ मागाच्या लोखंडी पायावर फोडायची पद्धत होती. हे मला आत्ता कळलं.

९.११
आप्पा म्हणाले, लोखंडापेक्षा घट म्हणान तूच सांगलंस ना?

९.१५
नारळाला काही झालेलं नाही.

४ ऑक्टोबर
दुकानात गेलो. वॉरंटीच्या फॉर्मवर 'नुकसानीचे कारण' असा रकाना. 'रस्ता' लिहिलं, खोडलं. 'देवाची करणी' लिहिलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. दुकानदाराने रिमची भेग बघितली, तीत अडकलेली नारळाची शेंडी ओढून काउंटरवर ठेवली आणि फॉर्म परत दिला. वॉरंटीत हे बसत नाही म्हणे. नालायक माणूस!

टिक टिक मात्र बंद झाली. गाऱ्हाण्याचा तेवढा भाग लागू पडला.

५ ऑक्टोबर, रविवार
स्पर्धेला गेलो नाही. फोटोत बाकीच्यांच्या गाड्या पाहता पहिला नंबर माझाच होता.

आप्पा परवापासून माझ्याशी बोलले नव्हते. मला वाटलं, रागावलेत. आज दुपारी आपणहून जवळ येऊन बसले. म्हणाले, अरे उत्तम, माझ्या हातून झालं रे. तुझी एवढी मोलाची वस्तू. मी म्हटलं, जाऊ द्या आप्पा. तर म्हणाले, जाऊ द्या कसं? माझ्या दातांचे पैसे तुझ्याकडे आहेत ना? त्यातनं नवं चाक आण. माका काय, पेज असा.

मी म्हटलं, बघतो.