महाराज माझ्या कानात काय म्हणाले

४ मार्च, दुपार
महाराज गेले. जाण्याआधी कानमंत्र दिला, तोही मला. मठात जन्म घालवलेले शिष्य दाराशी ताटकळत उभे, आणि मी हिवाळ्यात फुकट जेवण मिळतं म्हणून टेकलेला. पलंगावर वाकलो, त्यांनी खांदा धरला, ओठ हलले. सगळ्यांनी पाहिलं.
मंत्र मात्र नीट ऐकू आला नाही. नेमकी तेव्हाच भिंतीवरची पाल माशीवर टपली होती. (पकडली.)
चिंता नाही. मंत्र आत गेलाय. येईल वर.

६ मार्च
परवापर्यंत 'ए पोरा' म्हणणारे आज 'अहो' म्हणतात. मठाच्या मॅनेजरसाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. मंत्र कुणाला सांगायचा नाही, लिहायचा नाही, असा मठाचा नियम आहे. चांगला नियम आहे.
राहायला महाराजांचीच खोली मिळाली.
संकल्प : पहाटे चारला ध्यान. मोबाईल बंद.

७ मार्च, साडेनऊ
आत्ता उठलो. मोबाईल बंद असल्यामुळे अलार्म वाजला नाही.
ध्यानाला बसलो तर उजव्या कानात गरम श्वास. वळून पाहिलं, पलंग रिकामा. शब्द नाही, नुसता श्वास, तोही तुटक. घाबरलो नाही. दार उघडं ठेवलं, एवढंच.

१० मार्च
श्वास जेवतानाही येतो. घास हातातच राहतो. लोकांना वाटतं, समाधी लागली. मी वाटू देतो.
आत्याबाई, म्हणजे महाराजांची धाकटी बहीण, शेवटपर्यंत उशाशी होत्या. माझ्याशी अवाक्षर बोलत नाहीत. ताट आपटून जातात. मत्सर, दुसरं काय. सख्ख्या बहिणीला सोडून मंत्र मला मिळाला.

१३ मार्च
मॅनेजरसाहेब म्हणाले, रविवारी तुम्हाला गादीवर बसवायचं. नव्या शिष्यांना मंत्रही तुम्हीच द्यायचा, महाराजांनी दिला तोच. मी डोळे मिटून मान डोलावली. मग संडासात जाऊन बराच वेळ बसलो.
प्लॅन बी : कानात नुसती फुंकर मारायची. ज्याची जशी श्रद्धा, तसं त्याला ऐकू येईल.
पाल अजून तिथेच आहे. तिने ऐकलं असणार.

१५ मार्च
श्वास आता थांबतच नाही. कुणीतरी हवा मागावी तसा. माझ्याच छातीत कोंडतं. भाजीवाल्याच्या टेम्पोत बसून निघून जावं असं मनात आलं. पण गादी म्हणजे गादी. लाथ मारण्यासारखी गोष्ट नव्हे.
ठरवलं : उद्या आत्याबाईंना विचारायचं. म्हणजे त्यांची परीक्षा घ्यायची, त्यांनी काही ऐकलं का म्हणून.

१६ मार्च, रविवार
गादीवर नवी चादर. लोक जमलेत. आत्याबाई मागच्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी गंभीर आवाजात विचारलं, महाराज काय म्हणाले ते तुमच्या कानावर आलं का. मान वर न करता म्हणाल्या, मी काय बहिरी आहे? मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं विचारलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
"मला वाटलं तू ऐकलंस. ऐकूनही हलला नाहीस. म्हणून तुझं तोंड बघवत नव्हतं."
काय म्हणाले, ते मी विचारलं.
"सरक बाळा, वारा येऊ दे."
मी खिडकी अडवून उभा होतो.
दोनदा म्हणाले, असं त्या सांगतात. मॅनेजरसाहेब बाहेरून 'अहो, चला' करतायत.
दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी आणखी जवळ वाकलो.