बेलोरा ते शिवणी, वीस मिनिटं

अकोला
१८ मार्च २०२६

चि. बंडूस,

ताईचा आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, मुंबईत तुमचंही तसंच असेल. उद्या पाडवा, कडुनिंब आणून ठेवलाय. रागिणीचं लग्न एप्रिलच्या शेवटी, इथेच अकोल्यात. भाचीला बोहल्यावर नेणारा मामा म्हणून तू सूट शिवायला टाकलास म्हणे. तुझ्या रमाने फोटो पाठवला. रंग छान आहे.

विमानाचं विचारलं होतंस. मुंबईहून अमरावतीच्या बेलोऱ्यापर्यंत ये. तिथून अकोल्याच्या शिवणीला विमान नाही. मागच्या मे महिन्यातही नव्हतं. पण तुझ्या फोनने सांगितलं होतं ना, दोन विमानतळांतलं अंतर सत्तर किलोमीटर, उडायला वीस मिनिटं! वेळ लिहिली आहे म्हणजे विमान असणारच, असं तू धरून चाललास. आकाशातलं अंतर कुणीही मोजेल रे, उडवणार कोण?

त्या दिवशी आई पहाटे गेली होती, बंडू. ओसरीवर ठेवली होती. "अग्नी मीच देनार, मी येईपर्यंत उचलू नका," असं तूच फोनवर बजावलंस. दुपारी बेलोऱ्याहून पुन्हा फोन. "ताई, अकोल्याचं विमान कुठून सुटते?" मी म्हटलं, "अरे, एसटी पकड, दोन तासात पोचशीन." तर म्हणे, "ह्या उन्हात एसटी? दोस्ताची एसी गाडी येऊन राहिली." आणि आम्ही त्याच उन्हात आईपाशी. शेजारचा सहदेव मोटारसायकलवर बर्फाच्या लाद्या आणत होता. त्या वितळायच्या, तो पुन्हा जायचा.

सूर्य टेकला तेव्हा शेवटी अग्नी मी दिला. तू त्यानंतर आलास आणि साऱ्या नातेवाइकांसमोर मला म्हणालास, "थोडसंक थांबता नाई आलं काय तुमाले?" तो राग मी गिळला नाही, जपून ठेवला.

आता ऐक. रागिणीला बोहल्यावर सहदेव नेईल. पत्रिकेत मामा म्हणून त्याचंच नाव छापलंय, आणि पत्रिका साऱ्या गोतावळ्यात वाटून झाल्या. तो बिचारा घाबरला. "मले काहून, ताई? सख्खा मामा हाये ना." मी म्हटलं, "बरफ सख्ख्यानं आनला होता काय?" तू जरूर ये, सूट घालून ये. पंगतीत पुढेच बसवीन, सगळ्यांना नीट दिसशील.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती. आज सांगते, ती तुला लागावी म्हणूनच. जाण्याच्या आदल्या दिवशी आईने माझा हात धरला. "रागीच्या लग्नात मामाच्या जागी माहा बंडूच उभा राहिला पायजे," म्हणाली. मी हो म्हटलं होतं. तो शब्द मी जाणूनबुजून मोडते आहे. त्याचं पाप लागलं तर लागो, आईपुढे मी उभी राहीन. पण माझ्या लेकीच्या पाठीशी तू उभा राहणार नाहीस.

आपली नम्र,
सौ. कौशल्या
(वधूमाता)