करपलेल्या भाकरीचे गुण

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तूही नाहीस आणि तुला वाचून दाखवायला नानाही नाहीत, तेव्हा कुठे लिहायला बसले. आहे की नाही माझी अक्कल? तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास.

चोपड्याच्या शाळेतून नाना निबंधाच्या वह्या सायकलला बांधून घरी आणायचे आणि तुझ्या चुलीशेजारी पाटावर बसून एकेक निबंध मोठ्यानं वाचायचे. तू भाकरी थापत ऐकायचीस. किती गुण द्यायचे हे ठरेना की ते तुझ्या हातांकडे बघत. परातीत हात थांबला तर निबंध चांगला. तव्यावरची भाकरी करपली तर फारच चांगला, आणि ती करपलेली भाकरी नाना गुपचूप स्वतःच्या ताटात घेत. तुझाही न्याय काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हं! शेळीवरचा निबंध आला की तू उगाच विरघळायचीस. मग नाना चिडवतात, "बोला परीक्षक, शेळीला किती द्यायचे?" तू पदर तोंडाला लावून हसतेस, धुरानं भरलेले डोळे पुसतेस आणि विचारतेस, "कोनी पोर शे ही?" लिहिणारं लेकरू कुणाचं, हे कळल्याशिवाय तू पुढची भाकरी थापत नव्हतीस.

वडिलांसारखीच मीही शिक्षिका झाले; धुळ्याच्या शाळेत तेच काम करते, म्हणजे पगार तरी त्याचाच घेते. शाळा सुटली की मुलं ऑनलाइन वर्गात शंभरेक शब्दांचा निबंध लिहून पाठवतात. शेजारी निकषांचे रकाने असतात: सुरुवात, मांडणी, शुद्धलेखन, शब्दमर्यादा. रकान्यावर बोट ठेवलं की बेरीज आपोआप होते. शेरेसुद्धा मी तयार ठेवलेत, 'छान प्रयत्न', 'अजून सविस्तर लिही'. टिचकी मारली की चिकटले. एका चहात अर्धा वर्ग हातावेगळा होतो. तू गेल्यापासून मी मुद्दाम स्वयंपाकघरात, ओट्यापाशी बसून तपासते. पण खरं सांगते, माझा हात कशानंच थांबत नव्हता. पोरांनी काहीही लिहावं, मी आपली कोरडी ठणठणीत. तुझ्याबरोबर माझ्यातलंही काहीतरी सरणावर गेलं, अशी भीती मला वाटायला लागली होती.

आज संध्याकाळी दूध तापत ठेवून बसले होते. विषय होता 'आमच्या घरचं जेवण'. पिंपळनेरकडची एक मुलगी आहे, इथं वसतिगृहात राहते, आईबाप गुजरातेत मजुरीला. तिनं एवढंच लिहिलं होतं: 'इथली भाजी तिखट लागते. मी कधी कधी जेवत नाही. आई रोज फोनवर विचारते, जेवली का? मी हो म्हणते. मग मी विचारते, तू जेवली का? ती पण हो म्हणते. आम्ही दोघी खोटं बोलतो. मग फोन ठेवतो.'

मी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. मायबाई! गॅस बंद केला आणि मी तशीच रडत उभी राहिले.

तुझा फोन याच वेळेला यायचा. "जेवनी का, बाई?" ताट वाढलेलंही नसायचं, तरी मी म्हणायचे, "हो गं, कधीच. आणि तू?" "हाव, जेवनू." तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे शेजारच्या अक्कांनी मला दवाखान्यात सांगितलं. तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. मी तुझ्यावर किती चिडले! अजूनही चिडते. एकटी उपाशी बसायचीस आणि मला हाव म्हणायचीस?

रकान्यांप्रमाणे त्या मुलीला दहापैकी तीन बसत होते. मी दहा दिले आणि तयार शेरा बाजूला सारून लिहिलं, 'मी हे मोठ्यानं वाचलं. माझं दूध उतू गेलं.' लगेच तिचं उत्तर आलं, 'सॉरी मॅडम.' बिचारी! तिला काय ठाऊक, आमच्या घरात गुण असेच देतात. थोड्या वेळानं तिनं विचारलं, 'मॅडम, तुम्ही खरंच वाचलं?' मी लिहिलं, 'हो. उद्या दुपारी शाळेत माझ्या डब्यात जेव. आणि आज आईला खरं काय ते सांग.'

लोकांच्या लेकीला सांगणं सोपं असतं. हे पत्र कुठं पाठवणार, इथंच ओट्यावर राहील. शेगडी पुसायची आहे अजून. माय, मी आज जेवले नाही. कालही नाही. तुझा फोन आला असता, तर मात्र हो म्हणाले असते.