सोबतीला आलेली ताई

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि आधी हेच सांगते की मी वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करणारी ताई आहे ना, जिच्या कपड्यांवर कधी एकही चुणी नसते, ती समुद्रकाठच्या बाकावर झोपते हे आत्ता कळलं. घरमालकाने तिची खोली सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना दिली. समोरचे मोठमोठे बंगले वर्षभर कुलपात, आणि ही पहाटे किनाऱ्यावरच्या नळाखाली न्हाऊन आमच्या आधी कामावर हजर. तोंडातून तक्रारीचा शब्द नाही.

"माझ्याकडे राहा" म्हटलं असतं तर एवढी मानी बाई आलीच नसती. म्हणून मी म्हटलं, "ताई, मला एकटीला झोपायची भीती वाटते. सोबतीला याल?"

"एवढी घोडी झालीस आणि भीती कसली गं?" म्हणाली, पण पिशवी घेऊन आली.

आता अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर चार पाय काही मावत नाहीत.

तुला काळजी नको म्हणून कधी लिहिलं नव्हतं, पण आई, ती भीती खरीच होती. ताई आल्यापासून मी दिवा मालवून झोपते.

तुझीच,
धाकटी