वाचणारी आणि बघणारी

४ मार्च
हात थरथरला. रक्ताची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली — कुणाच्या लक्षात आलं नाही. अपघातात दादा गेला त्याला महिना झाला. 'दादा होता' म्हणायला अजून जीभ रेटत नाही. मी सावरले आहे, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

५ मार्च
आज भाजी करपली. आईला म्हटलं, "कोळशाचं दुकान टाकू या." आई हसली. मला मात्र धडकी भरली. हिच्यासमोर माझा एकदा जरी बांध फुटला, तर ही उरायची नाही.

८ मार्च
झोप नाही.

११ मार्च
आमच्या रक्तपेढीत पिशवी बाहेर जाण्याआधी एकीने लेबल मोठ्याने वाचायचं, दुसरीने स्वतः पिशवी बघून, मागणीशी ताडून 'बरोबर' म्हणायचं. वाचणारी मी, बघणारी तुरतुरी — चालण्यावरून आम्हीच पाडलेलं नाव. हल्ली वाचताना अक्षरं हलतात. छातीत धडधडतं. मी पुन्हा वाचते, पुन्हा. तुरतुरी वैतागली, "अगं, आजवर तुझी एक तरी चूक झालीय का?"

मला वेड लागतंय का? लिहून टाकलं. आता खोडायचं नाही.

१४ मार्च
मागणी ए पॉझिटिव्हची. मी उचलली बी पॉझिटिव्हची पिशवी, आणि तिच्यावर बी लिहिलेलं असताना वाचलं — ए! तुरतुरी म्हणाली, "बरोबर."

नर्स पिशवी घेऊन दारापर्यंत गेली. काय वाटलं कोण जाणे, मी ओरडले. पिशवी परत आली. कुणाला काही झालं नाही.

तुरतुरी पांढरीफटक पडली होती. "तू वाचतेस म्हणून मी बघतच नाही गं. भाऊ जाऊनही तू किती खंबीर!" मग हळूच, "कुणाला बोलू नकोस. निस्तरलंय ना?"

निस्तरलं कुठे? उद्या मी पुन्हा वाचणारच आहे.

१५ मार्च
रक्तपेढीच्या मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. चूक, हात, झोप, धडधड. नोकरी गेली असंच धरून आत शिरले होते. त्यांनी चुकीची नोंद केली, आम्हा दोघींना त्या कामावरून काढलं आणि माझ्यासमोरच मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला. मग विचारलं, "घरी माहीत आहे?"

म्हटलं, आईला नाही. ती कोसळेल.

"डॉक्टरांकडे एकटी जाऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. म्हणजे आईला सांगणं आलं. कालच्या पिशवीपेक्षा मला याची जास्त भीती वाटते आहे.

१६ मार्च
सांगितलं. आईने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून बसते. तू रडतच नव्हतीस. मग मी कुणाजवळ रडायचं?"