ठिपका सरकला नाही

प्रिय आई,

उद्या सकाळी मॅडमना एक गोष्ट सांगायची आहे आणि मला भीती वाटतेय. पप्पांना सांगितलं तर त्यांचं जेवण जाईल, म्हणून तुला लिहितेय.

तू गेलीस तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आता मी लहान, मंद ताऱ्यांभोवती थंड धुळीच्या चकत्या शोधते. ग्रह घडल्यावर उरलेला चुरा म्हण. दुर्बिणीच्या चित्रात तो नुसता फिकट ठिपका दिसतो. असा एक मला सापडला!

माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. लेख सोमवारी छापायला जाणार, पहिलं नाव माझं. पप्पांनी कॅम्प तीनच्या आपल्या गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या सिंधी आंटी येताजाता विचारतात, "साइंटिस्ट, खाना खाया?"

काल मी त्याच ताऱ्याचं काही वर्षांपूर्वीचं चित्र नव्याशेजारी ठेवलं. मधल्या वर्षांत तारा किंचित सरकलाय. ठिपका तिथल्या तिथेच! धूळ ताऱ्याची असती, तर त्याच्याबरोबर गेली नसती का? तो म्हणजे मागे, फार लांब असलेली कुठलीतरी आकाशगंगा आहे. हे अजून कोणी पाहिलेलं नाही. मी गप्प बसले तर कदाचित कोणी पाहणारही नाही. याचीच जास्त भीती वाटते.

लहानपणी, कारखान्यातून घरी आणलेल्या जीन्सचे धागे कापताना माझी कात्री कापडात घुसली होती, आठवतं? मी ती पँट गठ्ठ्याच्या मध्ये दडवली. तू नग उलटून बघताना ती सापडलीच. ओरडली नाहीस. मला घेऊन थेट कारखान्यात गेलीस.

"सेठ, ये पीस हमसे कट गया."

"अभी इसका क्या, हाफ पँट बनाऊँ?" शेठ म्हणाला. पुढचे पंधरा दिवस आपल्याला माल दिला नाही.

तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बोटं दुखली. तू घाबरली होतीस ना? मग कधी बोलली का नाहीस? मला वाटायचं, घरात भित्री मी एकटीच.

मॅडमचा विश्वास उडाला तर? हे काम काढून घेतलं तर? पप्पा गल्लीत काय सांगतील?

तरी उद्या त्या आल्या आल्या दोन्ही चित्रं त्यांच्या टेबलावर ठेवीन. संध्याकाळी पप्पांनाही मीच सांगेन. आणि फार घाबरले होते, हेही सांगेन. तुझ्यासारखं लपवणार नाही, आई.

तुझी,
सोनल